माझ्या वाट्याची थोबाडीत

परीक्षेचे दिवस आले की माझा उजवा हात शिवशिवायला लागतो. घाबरू नका, मी कुणाला मारत नाही. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण एकाही पोराच्या अंगाला बोट लावलं नाही. आता रिटायर होऊन सावेडीत राहते. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसलं की समोरच्या कडुनिंबाचा फुलोरा खाली लावलेल्या स्कूटरींवर सांडत असतो, नऊ वाजेपर्यंत फरशी तापते, आणि खालच्या मजल्यावरचं पोरगं मोठमोठ्यानं पाढे म्हणत असतं. सतराच्या पाढ्यात ते रोज अडतं. सतरा आठ्ठेपर्यंत गाडी झोकात येते आणि पुढं ठप्प. मी वरून मनातल्या मनात म्हणते, "एकशे त्रेपन्न रे बाबा," आणि तळहाताला मुंग्या येतात.

त्याचं कारण सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळात जावं लागेल. पाऊस बहात्तरचा गेला, पण माझ्या डोक्यात आहे तो त्र्याहत्तरचा उन्हाळा. आमचं गाव सुप्याच्या अलीकडं, पुणे रस्त्यापासून दीड-दोन कोस आत. आता तिकडं कंपन्या झाल्यात, बोर्ड लागलेत, पोरं गळ्यात ओळखपत्रं घालून फिरतात. तेव्हा नुसता माळ होता. त्या माळावर दुष्काळी काम निघालेलं आणि सगळं गाव खडी फोडायला बसलेलं. शाळा सकाळची झाली होती. शाळेच्या खिडकीतून खडी फोडल्याचा ठक ठक आवाज यायचा आणि त्या ठेक्यावर आम्ही पाढे म्हणायचो. दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचं ते गोड पीठ, मिळायची. तिचा तो भाजका, गोडसर वास अकरा वाजल्यापासूनच नाकात शिरायचा, आणि मग भूगोल काय नि गणित काय, सगळं सारखंच.

मी पाचवीत होते. नाव कौसल्या, पण हाक कौशी. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. गावात आम्हाला काय म्हणायचे ते सांगायची गरज नाही, महाराष्ट्रातल्या वाचकाला 'ओढ्यापलीकडं' एवढं पुरतं. आमच्या घरात बुद्धाचा फोटो लागून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण गावानं ते अजून मनावर घेतलं नव्हतं.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. माझ्या वयाच्या लोकांना ती आठवत असेल. गुरुजी प्रश्न विचारायचे. ज्यांना येत नाही ते उभे. ज्याला येईल त्यानं उत्तर द्यायचं आणि मग उभ्या असलेल्या प्रत्येकाचं डाव्या हातानं नाक धरून उजव्या हातानं एक थोबाडीत द्यायची. नाक धरायचंच, म्हणजे समोरच्याला मान फिरवता येत नाही. हळू मारली तर गुरुजी म्हणायचे, "ये इकडं, कशी मारतात ते दाखवतो." मारून झालं की त्यानं तरटपट्टीवर सगळ्यांच्या वर जाऊन बसायचं. आजच्या पालकांनी हे ऐकलं तर शाळेवर मोर्चा नेतील, आणि बरोबरच करतील. पण तेव्हा आमची सगळी इज्जत त्या एका थोबाडीत होती. मारणाऱ्याचीही आणि खाणाऱ्याचीही.

मला मात्र उत्तर आलं की आमचे थोरले गुरुजी हात वर करून म्हणायचे, "शाब्बास कौशे. बस खाली. तुझं राहू दे." उभी असलेली पोरं सुटकेचा श्वास सोडून खाली बसायची. कुणाच्या गालाला धक्का नाही. मी दाराजवळच्या माझ्या जागेवर, वेगळ्या पोत्यावर, तशीच.

आता माझा येडेपणा ऐका. मला वाटायचं, हा मान आहे! गुरुजी माझ्यावर इतके खूश आहेत की माझ्या उत्तरासाठी सगळ्या वर्गाला माफी देतात. तिसरी आणि चौथी, अशी दोन वर्षं मी या नादात काढली. पोरंही मला भाव द्यायची. अवघड प्रश्न आला की सगळ्या माना दाराकडं वळायच्या. थोरल्या मळ्याची मंदा, वर्गातली सगळ्यात गोरी-गोमटी आणि सगळ्यात ढ, तोंडावर हात धरून म्हणायची, "कौशे, तू सांग. तू सांग गं." मी सांगायचे. मंदीचा गाल वाचायचा. मी फुगून टम्म. रात्रंदिवस पाठ करायचे, का तर वर्गाला वाचवायचं म्हणून.

पाचवीतली दिवाळी आली. दिवाळी कसली, दुष्काळातली ती! आई चुलीपुढं तांबड्या मिलोच्या भाकरीशी झटत होती. ती ज्वारी सरकारी दुकानातली, भाकरी थापता थापता फुटायची. मी बढाया मारत होते, गुरुजी मला किती मानतात वगैरे. आई ऐकत होती. मग तव्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तुला किती बार मारायला लावली?"

"एकदाबी न्हाई! मला राहू दे म्हनतात."

"आनि तुला कुनी मारली?"

मी विचारात पडले. मला उत्तर आलं नाही असं क्वचित व्हायचं, पण व्हायचं. तेव्हा मारणारा पोरगा किंवा पोरगी ओळीनं सगळ्यांची नाकं धरत यायची आणि माझ्या आधीच्यापाशी थांबून परत फिरायची. गुरुजी लांबून छडी उगारायचे, तेवढंच.

"मलाबी न्हाई मारत कुनी," मी म्हणाले. हेही मला कौतुकाचंच वाटत होतं.

"आगं येडे," आई म्हणाली, "त्यास्नी तुझा इटाळ हुतो. नाक धरायला हात लावावा लागतो ना? ती माफी तुला न्हाई, त्यांच्या गालाला हाय."

तिनं ते रागानं सांगितलं नाही, दमून सांगितलं. पण मला असं झालं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. दोन वर्षं मी ज्याला मान समजून मिरवत होते तो अपमान होता, आणि हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मला सोडून. लाज वाटली ती याची. राग नंतर आला.

नोकरीत असताना शिक्षकांच्या खोलीत मी हे पुष्कळदा पाहिलं. उघड हिडीसफिडीस करणारा माणूस ओळखू येतो, त्याला धरता येतं, दोन शब्द सुनावता येतात. अवघड असतात ते गोड बोलणारे. माझ्या शाळेत पारध्याचा एक पोरगा होता. त्याला कुणी वाचायला उभं करायचं नाही. विचारलं तर एक बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, त्याला कशाला त्रास? येतोय तेच पुष्कळ." किती प्रेमळ! पोरगा मागच्या बाकावर प्रेमानं सडत होता. मी त्याला दुसऱ्या दिवशी उभा केला. पहिली ओळ वाचायला त्याला पाव तास लागला, वर्ग हसला, तो रडला, मी हसणाऱ्यांनाही उभं केलं. दिवाळीनंतर तो धडा वाचायला लागला. वर्गात गेल्यावर मी आधी बघायची ती एकच गोष्ट: कुणाला सूट दिलीय? ज्या पोराला कुणी ओरडत नाही, चुकलं तरी कुणी काही म्हणत नाही, तिथंच काहीतरी पाणी मुरतंय.

हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी काय केलं? तोंडाला कुलूप लावलं. येत असलेलं उत्तरही द्यायचं नाही. मग काय, वर्गाची चंगळ संपली. दुसरं कुणीतरी उत्तर द्यायचं आणि फटाफट फटाफट सगळ्यांचे गाल लाल. मंदी एकदा पाणी प्यायच्या सुट्टीत माझ्यापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "तुला येतंय, मला ठावं हाय. सांगत का न्हाईस? माझा गाल सुजलाय बघ."

"सुजू दे," मी म्हणाले.

संक्रांतीनंतर थोरले गुरुजी बदलून गेले आणि तांबोळी गुरुजी आले. किडकिडीत, चष्मा, सायकलीच्या दांडीला बांधलेली छत्री, त्या दुष्काळात! गावात त्यांना चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप घराबाहेरच्या कोनाड्यात असायचा. ते पितात आणि स्वतः विसळून ठेवतात, असं गावात कौतुकानं सांगायचे. महिनाभर ते वर्गातल्या रीतींबद्दल काही बोलले नाहीत. नुसतं बघत होते.

मार्चातला एक शनिवार. गुरुजींनी विचारलं, "सतरा नव्वे?" नऊजण उभे राहिले. बाकीचे, येत नसूनही, पुस्तकात डोकं घालून बसलेले. गुरुजींनी सरळ माझ्याकडं बोट केलं. "तू. तुझ्या पाटीवर मी काल पाहिलंय. सांग."

आता खोटं कसं बोलणार? "एकशे त्रेपन्न."

"ऊठ मग. थांबलीस का?"

मंदीच बोलली. त्यात दुष्टपणा नव्हता, नव्या माणसाला रस्ता सांगावा तसं ती म्हणाली, "गुरुजी, तिला न्हाई उठवायचं. ती शिवत न्हाई आमाला."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग म्हणाले, "असं आहे होय. मला ही थोबाडीत मारायची पद्धतच आवडत नाही. आजपासून बंद. कुणीच कुणाला मारायचं नाही."

त्यांचं चुकलं असं आजही कोण म्हणेल? मी स्वतः मास्तर झाल्यावर तेच केलं. पण त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं सगळ्यांनी सगळ्यांना मारलं, आणि माझी पाळी आली तशी पद्धत वाईट झाली? मी उभी राहिले आणि भोकाड पसरलं.

"माझ्याच पाळीला बंद व्हय, गुरुजी? सगळ्यांनी मारून झालं, आन माझ्याच पाळीला?"

बाहेर खडीचा ठक ठक चाललेला. "बरोबर आहे तुझं," गुरुजी म्हणाले. "आज बंद नाही. सोमवारीही नाही. नियम सगळ्यांना सारखा, मारायचाही आणि खायचाही. मग बंद. चल, ऊठ."

ओळीत पहिली मंदी होती. पाच वर्षं एका वर्गात बसून मी तिला एकदाही हात लावला नव्हता. तिचं नाक घामानं ओलं होतं आणि गार लागलं, हे मला आजही बोटांना आठवतं. तिनं डोळे गच्च मिटले. मी हात मागं घेतला आणि दिली ठेवून. हळू मारायचा विचारसुद्धा मनात आला नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू? दोन वर्षांचं सगळं त्या हातात आलं होतं. दुसरा, तिसरा, चौथा. सरपंचाचा पुतण्या भिंतीला टेकून मागं सरला, "मी न्हाई नाक धरू देनार." गुरुजी म्हणाले, "मग उत्तर यायला हवं होतं." त्याचंही नाक धरलं. नवव्यापर्यंत माझा तळहात लालभडक. मग मी तरटपट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन बसले. तरटाचा खरबरीतपणा पायाला लागला तेव्हा कुठं मला भीती वाटायला लागली.

घरी जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आगं काय करून बसलीस?" ती एवढंच म्हणाली. वडील तेव्हा कामाला पुण्याकडं होते. घरात आम्ही दोघीच. गावानं कामावरून आईचं नाव काढलं, वाट अडवली, शाळा बंद केली, तर? मारायची हौस मला होती, पण तिची किंमत कोण मोजणार हा विचार मी केलाच नव्हता. त्या दिवशी मला शाळेपेक्षा आईचीच काळजी लागली.

रविवारी मी तिच्याबरोबर खडीवर गेले. तिला एकटीला सोडवेना. ऊन असं की हातोडीचा दांडा हातात धरवत नव्हता. दुष्काळानं एक केलं होतं: थोरल्या मळ्याच्या बायकाही तोंडावर पदर ओढून खडी फोडायला बसल्या होत्या. आमच्यापासून लांब बसायच्या, पण त्याच ढिगाला. मंदीची आई उठली आणि आमच्याकडं चालत आली. आईनं हातातला दगड खाली ठेवला.

"सखे, तुझ्या पोरीनं आमच्या मंदीला हानली म्हनं काल."

"चुकलं वैनी. ल्हान हाय. मी तिला—"

"नाक धरून?"

आईच्या आधी मीच म्हणाले, "व्हय. तिला सतरा नव्वे येत न्हाई."

मंदीच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. पदराआडून तिचं तोंड दिसत नव्हतं. "न्हाईच येत तिला," ती म्हणाली. "तीन वरसं झाली, मुकाट मार खाऊन येती नि जेवून झोपती. काल आल्यापासनं जी पुस्तक घेऊन बसलीया ती उठंना झालीया. रानात ये म्हनलं तर म्हनती, मला कौशीचं उट्टं काढायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन आमच्या मालकांचं मला न्हाई सांगता येत, सखे. ते सांजच्याला चावडीवर जानार हायेत. मास्तरलाबी बोलावलंय." आणि ती परत आपल्या ढिगाकडं गेली.

चावडीवर काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तांबोळी गुरुजींनी मला पुढं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढं खरं की सोमवारी सकाळी त्यांची सायकल शाळेच्या भिंतीला टेकलेली होती. दोन पोरं आली नव्हती, त्यात सरपंचाचा पुतण्या. ती आठ दिवसांनी आली, सुकडी घरपोच मिळत नव्हती म्हणून. पण पहिल्या रांगेत, दोन वेण्या आवळून बांधलेली, मंदी बसलेली होती. तिला बघून मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. छातीवरचा धोंडा निम्मा तरी उतरला.

"आपल्या जिल्ह्याचे तालुके," गुरुजी म्हणाले. "तेरा. एकही सुटता कामा नये."

मी आधी हात वर केला. हे तर मला झोपेत येत होतं. नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर... आणि थांबले. बोटं मोजली, बारा. तेरावा काही केल्या आठवेना. मुद्दाम चुकले असं कुणी म्हणू नका. मंदीवर उपकार करायला मी कोण? खरंच सुटला.

"मंदा?"

मंदी उठली. डोळे छताला लावले आणि एका दमात तेराच्या तेरा म्हणून टाकले, शेवटी "अकोले!" असं ओरडून. वर्गानं तिला आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उत्तर देताना ऐकलं. गुरुजींच्या तोंडावर हसू फुटलं. "जा," ते म्हणाले.

उभी होते मी एकटीच. बाकीच्यांना विचारलंच नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्या घरी चावडीवरून आल्यावर काय बोलणं झालं असेल, ते मला तिच्या तोंडावर वाचता येईना. तिनं उजवा हात वर केला. डावा हात खालीच. मला वाटलं, संपलं. आता ही नुसती लांबून मारेल, नाहीतर परत फिरेल, आणि मी जन्मभर अशीच कोरडी राहीन. मंदीनं डावा हात परकराला पुसला. मग माझं नाक धरलं. चिमटीत, गच्च.

आणि दिली! आईशप्पथ सांगते, डोळ्यांपुढं काजवे चमकले. अशी सणसणीत थोबाडीत मी नंतर कधी खाल्ली नाही. कानात कितीतरी वेळ शीळ वाजत होती. मला हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि मंदी घाबरून म्हणाली, "लई लागली का गं?"

"लई," मी म्हणाले.

सुट्टी झाल्यावर मी पळत खडीवर गेले. आईनं मला लांबूनच पाहिलं. हातोडी टाकून उठली. माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं. गालावर पाचही बोटं उठली होती.

"कुनी हानली?"

"मंदीनं. मला अकोले आलं न्हाई."

आईचा हात हनुवटीवर तसाच. "लांबनं मारली?"

"न्हाई. नाक धरून."

आई दगडांच्या ढिगावर मटकन बसली. पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय ते मला कळेना, मग कळलं की दोन्ही. शनिवारपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, हे मला तेव्हा तिच्याकडं बघून समजलं. फडक्यातली भाकरी तशीच गाठ मारलेली होती.

"सोड ती गाठ," आई म्हणाली. "लई भूक लागलीया."